येते म्हणावं

मराठी माणसाला इतिहास फार आवडतो, पण बसून. उन्हात उभं राहून, चिखल तुडवत बघायचा म्हटला की त्याचे गुडघे दुखायला लागतात. हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्यानंच ‘नीलवर्णा’ बांधली. दसरा झाला की दर शनिवारी सकाळी ही बोट भाईंदरच्या जेटीवरून सुटायची. खाडीतून पश्चिमेला जाताना डाव्या हाताला तिवरांच्या मागं मुर्धा, राई, पुढं धारावीचा किल्ला, उजव्या हाताला वसईचा, मग उत्तनवरून मोकळा समुद्र. रात्रीचा मुक्काम पाण्यावर आणि रविवारी संध्याकाळी परत. गार खोल्या, पितळी कठडे, न्याहारीला थालीपीठ आणि शेजारी परदेशी चीज. दोन जेवणांच्या मध्ये तज्ज्ञांची व्याख्यानं. पोर्तुगीज, मराठे, मीठ, जमिनी, निवडणुका, सगळं मऊ खुर्चीत रेलून ऐकायचं. पुण्याचे निवृत्त डॉक्टर, दादरचे वकील, न्यू जर्सीहून आईवडिलांना भेटायला आलेली जोडपी अशी मंडळी यायची. सगळी सुशिक्षित, सगळी हळवी, आणि खाडीचा वास आला की काच लावून घेणारी.

गिरिजा राऊत या बोटीवरची इतिहासतज्ज्ञ. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तसं छापलंच होतं. उभा जन्म तिनं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवण्यात घालवला. म्हणजे तास घेतला तर पगार, उन्हाळ्यात हरी हरी. कायम होण्याची वाट बघता बघता केस पिकले आणि एका जूनमध्ये कॉलेजनं तिला बोलावलंच नाही. अशा बाईला कोणी ‘तज्ज्ञ’ म्हणावं, तिच्यासाठी खुर्ची ओढावी, तिचं वाक्य संपेपर्यंत घास हातात धरून बसावं, याचं तिला किती अप्रूप वाटलं असेल ते तासिका तत्त्वावरच्यालाच कळेल. पेणकरपाड्याच्या फ्लॅटमध्ये ती बिल्ला रात्री काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवायची. नवरा, रवी, हसायचा. हसू दे म्हणायची.

बोटीचा मालक म्हणजे मुर्ध्याच्या कडेला मनोरे उठवणारा बिल्डर. माणूस सश्रद्ध. बोट पाण्यात उतरवायच्या आधी त्यानं तिची वास्तुशांत घातली. आता घराच्या वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात. बोटीला जमीन कुठली, आणि बोट वळली की आग्नेय कोपरा वायव्येला. गुरुजींनी बराच विचार केला आणि शेवटी डबी वरच्या दालनात, वक्ता जिथं उभा राहतो त्या फळीखाली बसवली. म्हणाले, बोट कुठंही वळो, बोलणाऱ्याची जागा बदलत नाही. सगळे हसले. गिरिजाही हसली.

पाहुण्यांची व्यवस्था बघायला संपदा नावाची मुलगी होती. गोड बोलणारी, कधी आवाज न चढवणारी, आणि आपलंच खरं करणारी. पहिल्या सफरीच्या आधी तिनं गिरिजाला बाजूला घेतलं.

“मॅडम, एक करा. ‘आहे’ नका म्हणू, ‘होतं’ म्हणा. ‘आहे’ म्हटलं की लोक खिडकीबाहेर बघतात आणि चिखल दिसतो. ‘होतं’ म्हटलं की डोळे मिटून घेतात.”

गिरिजाला ते थोडं बोचलं, पण पटलंही. श्रोते कसे बांधून ठेवायचे हे तिला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

नोकरी लागल्याचं सांगायला ती मुर्ध्याला गेली तेव्हा तिचा थोरला भाऊ नाथा ओसरीवर जाळं विणत बसला होता. त्यांचं घर गावाच्या अगदी टोकाला, तिवरांना लागून. आजूबाजूच्यांनी बिल्डरला जागा देऊन टाकल्या होत्या, नाथा देत नव्हता. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, खाडी आणि हे घर एवढाच त्याचा संसार. बोटीचं नाव ऐकल्यावर त्यानं जाळं खाली ठेवलं आणि बहिणीला नाही नाही ते बोलला. आज बोट, उद्या घर, असं त्याचं म्हणणं. त्यांच्या ताटात जेवून तू आमच्याच मरणाचं पुराण सांगणार. गिरिजाही काही कमी नव्हती. घर तुझ्या नावावर आहे, सांभाळ, मला त्यात काही नको, असं म्हणून ती तरातरा उठली.

“जाते मी,” ती म्हणाली.

नाथानं रागानं मान फिरवली होती. तरी ती कुडाच्या फाटकापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

“येते बोल, बाय.”

ही त्यांच्या आईची शिस्त. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. दिवेलागणीला कोणी ‘न्हाय’ शब्द काढला तर म्हातारी तोंडावर चापट मारायची. घरान वास्तू बसलेली असते, ती सगल्याला तथास्तु बोलते, असं तिचं म्हणणं. गिरिजानं त्या दिवशी मागं वळून ‘येते’ म्हटलं नाही. घरी येऊन रवीला मात्र एक वाक्य सांगितलं, आई होती तोवर माहेर होतं. वाक्य चांगलं जमलं होतं. पुढं तिनं ते शेजारणीला ऐकवलं, नणंदेला ऐकवलं, आणि दर वेळी तिला थोडं बरं वाटलं.

पहिल्या सफरीत तिनं उघाडी दाखवली. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायची आणि ओहोटीला सोडायची लाकडी झडप. मुर्ध्याच्या बांधावरची ही झडप जुनी असली तरी चालू होती, नाथाच ती उचलायचा. गिरिजा फळीवर उभी राहून म्हणाली, “इथं एक उघाडी होती. या झडपेवर गावाचं मीठ अवलंबून असायचं.” खरोखर लोकांनी डोळे मिटले. एका डॉक्टरीणबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या शनिवारी बोट तिथून गेली तेव्हा उघाडी नव्हती.

काढली असेल, गिरिजाला वाटलं. पण काढली तर खड्डा राहतो, लाकडं पडलेली दिसतात, ताजा चिखल दिसतो. इथं बांध सलग होता आणि त्यावर माणसाच्या उंचीची तिवरं वाढलेली होती. तिवर एका आठवड्यात तेवढं वाढत नाही. भांडणानंतर पहिल्यांदाच तिनं नाथाला फोन केला आणि उघाडी कोणी काढली विचारलं.

“कंची उघाडी?” नाथा म्हणाला.

“कंची म्हणजे? आपली. तू उचलतोस ती.”

“मी कशाला काय उचलू? झोपेत हाय का तू?” एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. अजून घुश्शात आहे, तिला वाटलं. नाथाचा घुस्सा तिला लहानपणापासून ठाऊक होता. पण तो रुसला की गप्प बसायचा, खोटं बोलायचा नाही.

मग राईच्या वेशीवरचा चेडोबा. शेंदूर फासलेला गावराखणीचा दगड, वर पत्र्याचं छप्पर. गिरिजा म्हणाली, इथं चेडोबा होता, लग्नाआधी नवरा मुलगा त्याला नारळ फोडायचा, अशी रीत होती. सफर संपल्यावर सोमवारी तिला काही चैन पडेना. रिक्षा करून ती राईला गेली. वेशीवर सिमेंटची फरसबंदी होती आणि तिच्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. सिमेंट नवं असतं तर ती परत फिरली असती. पण त्याला तडे गेले होते, तड्यांत गवत होतं, आणि गवतावर गाडीच्या तेलाचे जुने डाग होते. शेजारी जाईबाई म्हणून ओळखीची म्हातारी सुकट वाळवत होती. तिचा मुलगा मुंडावळ्या बांधून या चेडोबाच्या पाया पडताना गिरिजानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

“देव? हितं?” जाईबाई म्हणाली. “हितं कवाच देव नव्हता, पोरी. ऊन लागलं का तुला?” आणि तिनं गिरिजाला पाणी दिलं.

शिकलेल्या माणसाचं एक बरं असतं. त्याच्याकडे कारणं भरपूर असतात. गिरिजानं स्वतःला सांगितलं की वय झालं, जागा चुकली, जाईबाईला विस्मरण झालंय. पुढच्या शनिवारी ती पुन्हा फळीवर उभी राहिली. त्या दिवशी न्यू जर्सीच्या एका बाईंनी हट्ट धरला, तुमची आगरी बोली ऐकवा ना. गिरिजा लाजली, मग खुलली. कॉलेजात याच बोलीबद्दल पोरं तिच्यामागं हसायची, आणि इथं माणसं हात जोडून मागत होती. तिनं आईची एक शिवी ऐकवली, एक लग्नातली ओवी ऐकवली. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात ती म्हणाली, “अशी गोड होती बघा आमची बोली. हाय, न्हाय करत बोलायची माणसं.”

जेवणानंतर नीरज तिच्याजवळ येऊन उभा राहिला. नीरज हा बोटीवरचा राजकारणाचा तज्ज्ञ, जुना पत्रकार, हजरजबाबी आणि कोणालाच न मानणारा. आज त्याचा चेहरा उतरला होता. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विचारलं, तुम्हाला ‘खाजण’ आठवतं का. गिरिजानं विचारलं, कुठलं खाजण?

“साप्ताहिक,” तो म्हणाला. “मी चालवतो. मागच्या सफरीत मी म्हणालो, या पट्ट्यात ‘खाजण’ नावाचं एक लढाऊ साप्ताहिक निघायचं. गंमत म्हणून म्हणालो, स्वतःचंच. सोमवारी ऑफिसला गेलो तर तिथं चष्म्याचं दुकान. बायको म्हणते, तू कधीच काही चालवलं नाहीस.”

गिरिजा म्हणाली, मला खरंच असं साप्ताहिक माहीत नाही.

“मॅडम, तुमचे लेख छापलेत त्यात मी. मिठागरांवर.”

तिला एकही लेख आठवत नव्हता. नीरजनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं. मग तो हळू आवाजात म्हणाला की बोलणाऱ्यालाच फक्त आठवतं, बाकी कोणाला नाही. आणि मी ‘आहे, आहे’ म्हणूनही बघितलं, गेलेलं परत येत नाही. जाताना त्यानं फळीकडे बोट दाखवलं.

“घरच्या माणसांबद्दल तिथं काही बोलू नका.”

रविवारी संध्याकाळी बोट लागली. जेटीवर सुलू नेहमीसारखी बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. गिरिजाच्या माहेरच्या गावची, तोंडानं फटकळ. गिरिजा उतरली की ती ओरडायची, ये गो बाय, ताजं हाय. आज गिरिजा तिच्यासमोर जाऊन मुद्दाम उभी राहिली.

“नमस्कार ताई,” सुलू म्हणाली. “बोंबील अगदी ताजे आहेत. किती देऊ?”

शुद्ध, स्वच्छ, बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं. कुठं अडखळली नाही, हसली नाही. शेजारच्या कोळणीही तशाच बोलत होत्या. पूर्ण जेटीवर भाव चालले होते, घासाघीस चालली होती, दोन बायका भांडतही होत्या, आणि सगळं व्याकरणशुद्ध होतं. गिरिजा तिथंच मासळीच्या खोक्यावर बसली आणि नाथाला फोन लावला.

“बोल गिरिजा,” तो म्हणाला. जन्मात कधी त्यानं तिला गिरिजा म्हटलं नव्हतं.

“दादूस, बरा हाय ना तू?”

“असं काय बोलतेस? मी बरा आहे. तू जेवलीस का?”

फोन बंद केल्यावर ती रडली. लोक बघत होते, तरी रडली. ज्या भाषेत तिला पहिली चापट बसली होती ती आता फक्त तिच्या डोक्यात उरली होती, आणि ती घालवली होती तिनंच, टाळ्यांसाठी.

तिनं नोकरी सोडायचं ठरवलं. नीरजनं तर बोट आधीच सोडली होती, त्याचा फोनही लागेना. संपदाला सांगितल्यावर तिनं अजिबात मोडता घातला नाही. काहीच अडचण नाही मॅडम, म्हणाली, तुमच्या जागी एक सर मिळालेत. पुढची सफर मोठी आहे, शेठ स्वतः आपले पाहुणे घेऊन येणार, मुर्ध्याच्या नव्या वसाहतीची घोषणा बोटीवरच करणार. त्यासाठी सरांनी भाषणही बसवलंय.

“सुरुवातच किती छान आहे,” संपदा म्हणाली. “‘इथं मुर्धा नावाचं एक गाव होतं.’”

गिरिजा म्हणाली, मीच येते. मुर्ध्यावर मीच बोलणार.

आठवडाभर तिनं दुसरं काही केलं नाही. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, ती एकेक वाक्य वर्तमानकाळात घोटत होती. मुर्धा आहे. घर आहे. नाथा आहे. रवीला वाटलं मोठ्या भाषणाची तयारी चाललीय, त्यानं कौतुकानं चहा करून दिला. मध्येच उठून ती नाथाला फोन करायची. काही नाही, सहजच केला, म्हणायची. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा नाथा हसला. म्हणाला, राग गेला वाटतं तुझा. एकदा घरी ये ना. येते, ती म्हणाली. रविवारी बोट लागली की थेट तुझ्याकडेच येते. बोली गेली होती, पण भाऊ होता, आणि तो तिला बोलावत होता. तेवढं वाचवायचं होतं.

मुर्ध्याचं भाषण परतीच्या वाटेवर ठेवलं होतं, सूर्य बुडता बुडता. दालन भरलेलं. शेठ पहिल्या रांगेत, पांढऱ्या कपड्यांत. शेजारी नवे सर पाय हलवत बसले होते, बाई अडखळल्या तर लगेच उभं राहायच्या तयारीत. काचेपलीकडे तिवरांची काळी रेघ आणि तिच्यामागं एका घराचा पिवळा दिवा. नाथानं दिवा लावला होता.

गिरिजा फळीवर चढली.

“हे मुर्धा गाव आहे,” ती म्हणाली. “इथं माणसं राहतात. ती मासे धरतात. त्या दिव्याच्या घरात नाथा केणी नावाचा माणूस राहतो. त्याचं घर त्याचंच आहे आणि ते तो विकणार नाही.”

दालनात चुळबूळ झाली. डोळे कोणी मिटले नाहीत. सगळे बाहेर बघत होते, आणि बाहेर चिखल होता. शेठची भुवई वर गेली. संपदा दारातून हातानं खुणावत होती. गिरिजानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तिनं विहिरीचं सांगितलं, आहे. शाळेचं सांगितलं, आहे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या बायकांचं सांगितलं, आहेत. एकही क्रियापद तिनं निसटू दिलं नाही. कपाळावर घाम आला होता. शेवटी तिनं काचेकडे पाहिलं. दिवा जागच्या जागी होता.

संपलं. टाळ्या पडल्या त्या अगदीच विरळ. गिरिजाला हसू आलं. उभ्या जन्मात तिचं एवढं पडलेलं भाषण झालं नव्हतं, आणि एवढं चांगलंही.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या. त्यांनाच तेवढं भाषण आवडलं असावं. मायेनं म्हणाल्या, किती जीव तोडून बोललात हो. तुम्ही इथल्याच का?

गिरिजा सैलावली होती. बाईंच्या आवाजात आईपण होतं. आणि ते वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं, शेजारणीला सांगून, नणंदेला सांगून गुळगुळीत झालेलं.

“हो ना,” ती म्हणाली. “आई होती तोवर माहेर होतं इथं.”

बाईंनी डोळे मिटले.

गिरिजा फळीवरच उभी होती.

तिनं काचेकडे पाहिलं. दिवा होता. तिवरं होती. घर होतं, उतरत्या छपराची रेघसुद्धा दिसत होती. तिनं श्वास सोडला.

जेटीवर उतरल्या उतरल्या तिनं नाथाला फोन लावायला घेतला. त्याचं नाव फोनमध्ये सापडेना. घाईत दिसलं नसेल, तिला वाटलं. तिनं रवीला फोन केला, म्हणाली, उशीर होईल, ठरल्याप्रमाणे दादाकडे जाऊन येते.

“कुठल्या दादाकडे?” रवी म्हणाला.

तिनं फोन कापला आणि रिक्षाला हात केला.

कुडाचं फाटक तेच होतं. ओसरीवर जाळं पडलेलं होतं, अर्धं विणलेलं. नाथा आतून आला, खांद्यावर पंचा, तसाच उंच, तसाच वाकलेला. दिवा त्याच्या पाठीमागं होता.

“दादूस,” ती म्हणाली.

नाथानं तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुमचा काहीतरी गोंधळ झालाय. दादूस नावाचं इथं कोणी राहत नाही. मी नाथा केणी.”

ती ओसरीच्या पायरीवर बसली. त्यानं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. माणूस म्हणून तो होता तसाच होता. ती पाणी प्यायली आणि खाली बघत विचारलं, तुम्हाला बहीण आहे ना एक?

“नाही. मी एकटाच.” तो जाळं गोळा करू लागला. “आईला फार हौस होती मुलीची. घराला एक माहेरवाशीण हवी, म्हणायची. शेवटपर्यंत म्हणत होती.”

मग त्याची नजर तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर पडली. काढायचा राहून गेला होता. त्यानं बोटीचं नाव वाचलं, खालचं ‘तज्ज्ञ’ वाचलं. चेहऱ्यावरची माया हळूहळू निघून गेली.

“म्हणजे शेठनं पाठवलं तुम्हाला,” तो म्हणाला. “नाती विचारायला बसलात, पाणी प्यायलात. बायकांना पाठवायला लागले आता. घर मिळणार नाही, सांगा त्यांना.”

तिनं बिल्ला मुठीत झाकला. ती उठली, फाटकापर्यंत गेली, आणि कडीवर हात ठेवून मागं वळली. या वेळी तिनं चूक केली नाही.

“येते,” ती म्हणाली.

नाथानं दिवा उचलला.

“येते कशाला म्हणता, मॅडम? जाते म्हणा.”